एमजी, हेराल्ड आणि माळशेजचा चढ: जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाळणं म्हणजे नेमकं काय?

आज मुरबाडच्या नाक्यावर किंवा शहापूरच्या हायवेलगत थोडा वेळ उभं राहिलात, तर अष्टकोनात 'एमजी' लिहिलेली एखादी तरी एसयूव्ही समोरून जाईल. ती गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यात बनलेली असते. कंपनीची मूळ मालकी चीनच्या सैक या समूहाकडे आहे आणि भारतातल्या व्यवसायात आता जेएसडब्ल्यू भागीदार आहे. गाडीत बोललेलं समजतं, छत बटणावर उघडतं आणि पाऊस आला की वायपर आपोआप सुरू होतात.

पण त्या अष्टकोनाचा मूळ अर्थ फार वेगळा होता. एमजी म्हणजे 'मॉरिस गॅरेजेस'. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातलं हे मॉरिस गाड्यांचं विक्री-दुरुस्तीचं दुकान. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली. पुढे अॅबिंग्डनला कारखाना झाला आणि १९८०पर्यंत तिथून दोन सीटच्या, उघड्या टपाच्या, बुटक्या गाड्या बाहेर पडत राहिल्या. या गाड्यांत काहीही आपोआप होत नसे. पाऊस आला की मालकाने उतरायचं, मागचं कापडी टप ओढायचं, बटणं लावायची. तोवर आतलं सगळं भिजलेलं असायचं.

तरीही या गाड्यांसाठी लोक आजही वेडे आहेत. कोणीतरी माळशेज घाटात लाल रंगाची जुनी एमजी चालवतानाचं रील टाकतं, खाली 'ड्रीम कार' अशा कमेंटचा पाऊस पडतो. तो खराखुरा पाऊस पडल्यावर त्या गाडीचं काय होतं, हे मात्र रीलमध्ये दिसत नाही.

या गाड्या भारतात इतक्या कमी का?

ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा सुवर्णकाळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची साधारण तीस वर्षं. युद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडाला होता. कारखान्यांना पोलाद हवं असेल तर माल परदेशी विका, असा सरकारचा धाक होता. त्यातून १९४५ ते १९४९ या काळात एमजी टीसीच्या दहा हजार गाड्या बनल्या. मग टीडी, १९५५ला एमजीए, १९६२ला एमजीबी. शिवाय ट्रायम्फच्या टीआर आणि स्पिटफायर, ऑस्टिन-हीली, जग्वारची एक्सके १२० आणि ई-टाइप. एमजीए एक लाखाच्या वर बनल्या आणि एमजीबी पाच लाखांच्या वर. त्यातल्या बहुतेक थेट अमेरिकेला गेल्या.

भारतात हे चित्र उलटं होतं. १९५०च्या दशकात सरकारने तयार गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं आणली. मुंबईत १९२८पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४मध्ये गाशा गुंडाळला. त्यामुळे आपल्याकडे आल्या त्या बंदीच्या आधीच्या टी-मालिकेतल्या एमजी, आणि नंतर परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांनी आणलेल्या व बदली झाल्यावर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेलेल्या मोजक्या गाड्या. यातल्या काही मुंबईतल्या हौशी मालकांकडे टिकल्या आणि हिवाळ्यातल्या व्हिंटेज रॅलीत दिसतात. बाकीच्या भंगारात गेल्या.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. भारतातल्या या गाड्यांचं स्टिअरिंग उजव्या बाजूला असतं. अमेरिकेत गेलेल्या लाखो गाड्या डावीकडून चालवायच्या असतात आणि आज ब्रिटिश मालकच त्या परत आणून स्टिअरिंग उजवीकडे घेतात.

अॅम्बेसेडरच्या पोटातली स्पोर्ट्स कार

आता जरा आश्चर्याची गोष्ट. एमजीए ही गाडी पाहिली नसेल, पण तिचं इंजिन मराठी माणसाने चाळीस-पन्नास वर्षं रोज ऐकलेलं आहे.

मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या १९५२मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. तिने एक मध्यम आकाराचं, लोखंडी ओतकामाचं, चार सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि ते सगळीकडे बसवलं. हे 'बी सिरीज' इंजिन. त्याची १४८९ सीसीची आवृत्ती मॉरिस ऑक्सफर्ड या घरगुती गाडीत गेली आणि एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही गेली. हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डचा तिसऱ्या मालिकेचा साचा घेऊन कोलकात्याजवळ उत्तरपाडा इथे अॅम्बेसेडर बनवायला सुरुवात केली, तेव्हा थोड्याच काळात हेच इंजिन तिच्यातही आलं. म्हणजे तहसील कार्यालयाच्या आवारात उभी असलेली पांढरी अॅम्बेसेडर आणि लंडनच्या तरुणांची एमजीए ही नात्याने सख्खी चुलत भावंडं.

फरक कुठे होता? एमजीएला दोन कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन आणि वेगळ्या धाटणीचा कॅमशाफ्ट. त्यामुळे तेच इंजिन ७० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद द्यायचं, तर अॅम्बेसेडरमध्ये ती ५०च्या घरात असायची. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, अॅम्बेसेडरहून बरंच कमी. नऊ माणसं आणि टपावर सामान घेऊन चालण्यासाठी अॅम्बेसेडर होती आणि दोन माणसं व एक पिशवी घेऊन पळण्यासाठी एमजीए.

हे नातं आजच्या मालकाला फार उपयोगी पडतं. एमजीएच्या इंजिनचे अनेक भाग अॅम्बेसेडरच्या भागांशी जुळतात किंवा थोड्या फरकाने जुळवता येतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांत अजून काही ना काही हाती लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं. पेट्रोल अॅम्बेसेडरवर हात बसलेला जुना मेस्त्री एमजीएचं बॉनेट उघडल्यावर गोंधळत नाही. त्याला टॅपेट कसे लावायचे हे ठाऊक असतं आणि एसयू कार्ब्युरेटर तो कानाने ट्यून करतो. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४मध्ये बंद झाला. ते मेस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्या हाताखालची पोरं लॅपटॉप जोडून गाडी तपासतात. गाडी टिकेल की नाही, हे सुट्या भागांपेक्षा या माणसांवर जास्त अवलंबून आहे.

एसयू कार्ब्युरेटरबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या गाड्यांचा स्वभाव त्यात आहे. एसयू म्हणजे 'स्किनर्स युनियन'. स्किनर हे इंग्लंडमधलं बुटांच्या धंद्यातलं घराणं, त्यामुळे सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता. पुढे त्याजागी धातूचा पिस्टन आला. इंजिनने हवा जास्त ओढली की पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलच्या छिद्रातून बाहेर येते आणि पेट्रोल वाढतं. पिस्टन उडू नये म्हणून वरच्या नळीत थोडं तेल घालतात. एवढंच यंत्र. खालचं एक नट फिरवलं की मिश्रण घट्ट किंवा पातळ होतं. हे काम चहा पिता पिता होतं, मात्र दर थोड्या दिवसांनी करावं लागतं.

हेराल्ड: आपल्या अंगणातली ट्रायम्फ

दुसरं नातं चेन्नईचं. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या मद्रासच्या कंपनीने १९६१पासून ट्रायम्फ हेराल्ड 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने बनवली. साठ-सत्तरच्या दशकांत डॉक्टर, प्राध्यापक, वकील यांच्या घरी ती असायची. बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड एकत्रच पुढे उलटायचे आणि सगळं इंजिन उघडं पडायचं. चाकावर बसून काम करा, इतकं सोपं. गाडी वळायचीही फार कमी जागेत.

ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच हेराल्डच्या सांगाड्यावरून तयार झाली. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, मागच्या चाकांची रचना एकाच कुळातली. म्हणून एखाद्या मराठी घरात हेराल्ड अजून असेल, तर ती 'साधी जुनी गाडी' समजू नये.

दोषही तोच. मागची चाकं प्रत्येकी एकाच सांध्यावर झुलतात. वळणावर वेगात असताना अचानक अॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला, तर गाडीचा मागचा भाग उचलला जातो, चाकं आत दुमडल्यासारखी होतात आणि मागची बाजू घसरते. घाटात उतरताना घाबरून पाय उचलणं हीच सर्वात स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि इथे नेमकी तीच चुकीची ठरते.

गंमत अशी की भारतात पुढे चार दारांची हेराल्ड निघाली. ती मूळ ब्रिटिश कंपनीने कधीच बनवली नव्हती. त्यामुळे तिच्या मागच्या दाराची काच फुटली तर ती जगात कुठेच नवी मिळत नाही. याउलट एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी इंग्लंडमध्ये मूळ साच्यांवर आजही ठोकून मिळते. ब्रिटिश गाडीचे भाग परदेशातून येतात आणि खर्च येतो तो आयात शुल्काचा. भारतीय गाडीच्या भागासाठी मात्र भंगारवाल्यांच्या दारी फिरावं लागतं.

खरी परीक्षा: कसारा चढताना आणि माळशेज उतरताना

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना दोन मोठे घाट लागून आहेत. शहापुराकडून नाशिकला जाताना कसारा आणि मुरबाडकडून नगरला जाताना माळशेज. कसाऱ्याला रेल्वेचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका कडक आहे, म्हणून तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. स्पोर्ट्स कारला अशी सोय नाही.

समजा, एप्रिलमध्ये सकाळी अकरा वाजता कोणी एमजीए घेऊन कसारा घाट चढतोय. पुढे ट्रकांची रांग, वेग पंधरा-वीसचा. या गाडीचा पंखा पट्ट्यावर, इंजिनच्या वेगाने फिरतो. वेग कमी तर हवा कमी. गाडी थंड इंग्लंडसाठी आखलेली, रेडिएटर बेताचा. तापमानाचा काटा चढू लागतो. दुसरीकडे कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या अगदी वर बसलेले असतात. पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. इंजिन गुदमरतं, बंद पडतं. बॅटरी चांगली, पेट्रोल भरपूर, तरीही गाडी सुरू होत नाही.

जुन्या चालकांचा यावरचा उपाय साधा होता. कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कारण आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि तोंड भाजतं. आजचे मालक जास्त क्षमतेचा रेडिएटर आणि विजेवर चालणारा पंखा बसवतात. काही शुद्धतावादी याला नाकं मुरडतात. कसाऱ्याच्या रांगेत एप्रिलमध्ये अडकलेला माणूस मात्र मुरडणार नाही.

म्हसाच्या यात्रेच्या दिवसांत मुरबाडजवळून अशी गाडी न्यायचीच नाही. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या या यात्रेत बैलांचा मोठा बाजार असतो, रस्त्यावर गाड्या आणि जनावरं एकत्र चालतात. पहिल्या गियरमध्ये तासभर रांगणं हे या इंजिनांना घाटापेक्षाही जड जातं.

चढणं एक वेळ परवडलं, उतरणं धोक्याचं. पहिल्या एमजीएला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, बूस्टर नाही. माळशेजच्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले तर ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड जाते आणि पाय जमिनीला टेकला तरी गाडी थांबत नाही. ड्रम ओले झाले तरी पकड जाते आणि माळशेजमध्ये पावसाळ्यात रस्त्यावर धबधबे येतात. म्हणून नियम एकच: ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरायचं आणि ब्रेक फक्त मधूनमधून वापरायचा. पुढच्या चाकांना डिस्क असलेली १९५९नंतरची एमजीए किंवा एमजीबी याबाबतीत बरीच बरी.

आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५पासून खुला आहे आणि त्यातल्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटच टळतो. वाटतं, प्रश्न सुटला. पण एमजीएला चारच गियर आहेत. ताशी १०० किलोमीटरला तिचं इंजिन मिनिटाला साडेतीन हजारांहून जास्त फेरे घेतं आणि तासभर तसंच घेत राहतं. बाजूने १२०ने जाणारा ट्रेलर कमरेच्या उंचीवरून बघितल्यावर काय वाटतं, ते वेगळंच. या गाडीत बसल्यावर ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांच्या समोर येतात.

अंधाराचा राजपुत्र

या गाड्यांची वीजव्यवस्था लुकास कंपनीची. तिला इंग्लंडमध्येच 'अंधाराचा राजपुत्र' असं टोपणनाव पडलं होतं. निम्मा दोष कंपनीचा, निम्मा रचनेचा.

या गाड्यांत वीज बॅटरीतून तारेने दिव्यापर्यंत जाते आणि परतीचा प्रवास गाडीच्या पत्र्यातून करते. पत्रा गंजला, स्क्रूखाली बुरशी आली, की परतीची वाट अडते. मग इंडिकेटर लावला तर टेललाइट मंद होते किंवा हॉर्न वाजवला तर काटे नाचतात. भूत नाही, गंज आहे. त्यात आल्टरनेटरऐवजी डायनॅमो. इंजिन सावकाश फिरत असताना तो जवळपास काहीच वीज देत नाही. पावसात रात्री वायपर, दिवे आणि गर्दी एकत्र आली की बॅटरी संपत जाते. एमजीए आणि सुरुवातीच्या एमजीबीत तर संपूर्ण गाडीला दोनच फ्यूज होते. शिवाय अनेक गाड्यांत बॅटरीचं धन टोक पत्र्याला जोडलेलं असतं, आजच्या नेमकं उलट. हे न बघता कोणी मोबाइल चार्जर किंवा स्टिरिओ जोडला, तर धूर निघतो.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त. म्हणजे जून ते सप्टेंबर या गाड्यांनी शेडमध्येच राहायला हवं. नुसतं ताडपत्रीखाली ठेवून चालत नाही. ताडपत्री ओल कोंडून धरते आणि गाडी आतून सडते. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, दाराखालचे पत्र्याचे पोकळ खोके हाच तिचा कणा. ते गंजले तर वरून रंग चकाकत असताना गाडी मधोमध वाकू लागते. खूण सोपी आहे: दार उघडायला-बंद करायला घासत असेल तर सावध व्हा. टीसीच्या बॉडीला तर आतून लाकडी सांगाडा आहे. तिथे गंजाऐवजी वाळवीची भीती. हे काम गॅरेजवाल्यापेक्षा गावातला चांगला सुतार जास्त नीट करेल.

गाडीखाली तेलाचा डाग ही तक्रार मात्र फारशी मनावर घेऊ नये. सुरुवातीच्या बी सिरीज इंजिनच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. दांड्यावर उलटे आटे कोरलेले होते, ते फिरताना तेल आत ढकलायचे. इंजिन थांबलं की ढकलणंही थांबलं. अॅम्बेसेडरखालचा डाग ज्यांनी पाहिलाय, त्यांना नवल वाटणार नाही.

पाने कुठले घ्यायचे?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक, पण याच्यापायी कित्येक नटांची डोकी गोल झाली आहेत. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ, नंतरच्यांत एएफ मापाचे नट. आपल्या गॅरेजात मिलिमीटरचे पाने. जवळपास बसणारा पाना घातला की कोपरे झिजले. सगळ्यात मजेदार एमजी टीसीचं इंजिन. मॉरिसने इंजिनाचा कारखाना हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतला होता, त्यामुळे यंत्रं मेट्रिक. आटे मेट्रिकचे पाडले, पण ब्रिटिश मेकॅनिककडे ब्रिटिश पाने, म्हणून नटाचं डोकं व्हिटवर्थ मापाचं ठेवलं. असा नट हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

मग लोक का घेतात?

कारण नोव्हेंबर. पाऊस संपलेला, भात कापून खळ्यावर आलेला, सकाळी हवेत गारवा. शहापूर–मुरबाड रस्त्यावर पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर पुढे चाललाय आणि मागे टप उतरवलेली एमजी. सीट इतकी खाली की हात बाहेर काढला तर रस्त्याला टेकेलसं वाटतं. ताशी साठच्या वेगाला शंभरचा थरार येतो. आजच्या ताकदवान गाडीत असा थरार हवा तर कायदा मोडावा लागतो. इथे तो कायद्यात राहून मिळतो आणि दुसऱ्या कोणाच्या जिवाशी खेळ होत नाही. पेंढ्याचा वास, चुलीचा धूर, इंजिनचं तापलेलं तेल, सगळं थेट नाकात. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंप टिक-टिक-टिक करतो, भरल्यावर गप्प होतो. गाडी आपली हालहवाल सांगते, ऐकणारा हवा.

दुसरं कारण म्हणजे ती समजते. बॉनेटखालचा प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो आणि हातांनी उघडता येतो. पहिल्यांदा स्वतः पॉइंट साफ करून बंद गाडी सुरू केली की माणूस आठवडाभर त्याचीच गोष्ट सांगतो. अर्थात, गावागावांतले उंच स्पीडब्रेकर आले की एक्झॉस्ट घासल्याचा आवाज येतो आणि गोष्ट तिथेच थांबते. साधारण सहा इंचांची उंची आणि ग्रामपंचायतीने बांधलेला गतिरोधक यांचं कधी जमलेलं नाही.

इ-२० पेट्रोलचं नवं दुखणं

२०२५पासून देशभरातल्या पंपांवर मुख्यतः २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नव्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या आहेत. जुन्या ब्रिटिश गाडीत मात्र नैसर्गिक रबराच्या नळ्या, बुचाच्या लाकडाची सीलं आणि तांब्या-पितळेचे जोड असतात. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं, त्याला चिरा पडतात आणि पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकतं. इथे दुरुस्तीच्या खर्चाबरोबर आगीचाही धोका आहे. गाडी हातात आल्यावर पहिलं काम रंगाचं नव्हे, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घालण्याचं.

दुसरं, इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात चार महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते पाण्यासह तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करावी किंवा काठोकाठ भरावी. तिसरं दुखणं सोपं: इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. एसयूचं ते खालचं नट थोडं फिरवलं की झालं.

कायदा काय म्हणतो?

जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचं ५ हजार आणि मुदत १० वर्षं. नव्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीची नोंदणी असलेल्यांना जुना नंबर ठेवता येतो. बदल्यात अट अशी की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यापुरतीच.

ज्यांना रविवारी सहज माळशेजला जायचंय, त्यांना ही अट अडचणीची वाटते. ते साधी नोंदणी चालू ठेवतात. मग दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नूतनीकरण, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १० हजार रुपये आहे आणि आयात केलेल्या मोटारीचं ८० हजार. म्हणजे मद्रासची हेराल्ड आणि अॅबिंग्डनची एमजी यांच्या खर्चात इथेच मोठी दरी पडते.

आयातीचंही चित्र बदललं. आधी फक्त १९५०पूर्वी बनलेल्या गाड्या व्हिंटेज म्हणून आणता येत. फेब्रुवारी २०२५पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना मुभा मिळाली. त्यामुळे एमजीए, एमजीबी, ई-टाइप यांना दार उघडलं. शुल्क मात्र तसंच जबर आहे.

विम्यात एक मुद्दा ध्यानात ठेवावा. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. काहीच न ठरवता साधा थर्ड पार्टी विमा काढला तर गाडी चोरीला गेल्यावर किंवा जळल्यावर हाती काहीही येत नाही.

कोणी 'शेडमध्ये जुनी गाडी आहे' म्हणून सांगितलं तर

ठाण्या-कल्याणच्या मागच्या पट्ट्यात, जुन्या वाड्यांच्या पडवीत, बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये अशी एखादी हेराल्ड किंवा लँडमास्टर निघू शकते. पत्रा बघण्याआधी कागद बघा. आरसी बुक कोणाच्या नावावर आहे आणि तो माणूस हयात आहे का, हे आधी विचारा. नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील आणि एक भाऊ ऑस्ट्रेलियात असेल तर वर्ष तिथेच जाईल. मग चॅसी आणि इंजिनवरचे नंबर आरसीशी ताडून बघा. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद नसेल तर आरटीओत काम अडकतं.

त्यानंतर टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरा. एमजीबी असेल तर दाराखालचे खोके, हेराल्ड असेल तर चॅसीच्या बाजूला निघालेले हात. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत गेला तर किंमत निम्मी. इंजिन अडकलेलं असेल तरी घाबरू नका, ते सुटतं. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि दोन दिवस तसंच ठेवा. बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारण्याचा मोह मात्र टाळा, कारण त्या घाईत पिस्टनच्या कड्या तुटतात आणि जे काम हजारांत झालं असतं ते लाखावर जातं. सुटं पडलेलं सामान, अगदी गंजलेले नटसुद्धा, डब्यात भरून चिठ्ठी लावून ठेवा. व्हिटवर्थ मापाचा तो नट पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नाही.